गोंडवनाचा दगड आणि आपली विहीर



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे त्याने मजुरी, बोनस आणि कायदे यांवर बोलावे अशी साहजिकच अपेक्षा असते. मी विषय कळविला तो भूगोलाचा. एका चालकांनी जरा दबकतच विचारले, "भूगोल म्हणजे आपल्या जिल्ह्याचा ना?" मी म्हटले, "एका खंडाचा. पण जिल्हा त्यातच आहे." माझे कॉलेजचे शिक्षण नाही. जे वाचले ते गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत बसून वाचले. तेव्हा पंडिताचे व्याख्यान आपण माझ्याकडून अपेक्षू नये. परंतु दुष्काळ पडला की सर्वांत आधी ज्याचा रोज बुडतो त्या मजुराच्या बाजूने हा विषय पाहिला, तर तो किती जवळचा आहे हे मी दाखवू शकेन असे मला वाटते.

आपल्याकडे एक म्हण आहे: "जगात जर्मनी, भारतात परभणी." कोणी ती अभिमानाने म्हणतो, कोणी थट्टेने. भूगर्भाच्या हिशेबाने मात्र परभणीची खरी सोयरीक जर्मनीशी नाही. ती आफ्रिकेशी, मादागास्करशी, ऑस्ट्रेलियाशी आणि दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाळ अंटार्क्टिकाशी आहे. शाळेच्या भिंतीवरील नकाशात आपण आशिया खंडाच्या रंगात रंगविलेले असतो, आणि आज आपण आशियात आहोत हे खरेच आहे. पण आपण मूळचे इथले नव्हे. आपण जिच्यावर उभे आहोत ती भूमी दुरून आलेली आहे.

ज्या जुन्या खंडातून ती आली त्याचे नाव गोंडवन. ऑस्ट्रियातील भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द सूस याने १८८५ मध्ये हे नाव जगाच्या शास्त्रात रूढ केले. भारत, आफ्रिका आणि दक्षिणेकडील इतर भूभाग यांच्या खडकांत एकाच जातीच्या वनस्पतींचे ठसे सापडतात, त्याअर्थी हे प्रदेश एके काळी सलग असले पाहिजेत असे त्याचे म्हणणे. मधली जमीन समुद्रात बुडाली असावी अशी त्याची समजूत होती. ही समजूत पुढे टिकली नाही, पण नाव टिकले. मला या नावाचे फार कौतुक वाटते. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क कुठल्याही विद्यापीठात जा, त्या प्राचीन महाखंडाचा उल्लेख आपल्या विदर्भ आणि मध्य प्रदेशातल्या गोंड आदिवासींच्या नावानेच करावा लागतो. ज्या समाजाला आपण आपल्या इतिहासाच्या पुस्तकात चार ओळी देतो, त्याचे नाव पृथ्वीच्या इतिहासात एका खंडावर कोरलेले आहे.

हे खंड बुडाले नसून सरकले आहेत, असे आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ साली सांगितले. (पाहा, जर्मनी आलीच!) विद्वानांनी त्याला फारसे जुमानले नाही. हा हवा पाहणारा माणूस, याला दगडाचे काय कळते, असा सूर होता. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. समुद्राच्या तळाचे नकाशे तयार झाल्यावर १९६० च्या दशकात त्याचे मूळ म्हणणे जगाने मान्य केले.

त्याच १९१२ सालातली दुसरी हकिकत ऐका. दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने व उपासमारीने मेले. काही महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला. पाऊल उचलवत नसतानाही त्यांनी सुमारे १६ किलो दगड अखेरपर्यंत स्लेजवरून ओढत आणले होते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. आणि हीच पाने आपल्या भारतातल्या कोळशाच्या थरांतही सापडतात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या भागात जो कोळसा निघतो तो गोंडवनातल्या जंगलांचाच, २५ कोटी वर्षांहून जुना. खाणीत उतरणारा मजूर रोज त्या हरवलेल्या खंडाच्या पोटात उतरतो आणि संध्याकाळी वर येतो. हजेरीपत्रकावर याची नोंद नसते, एवढेच.

या कोळशाच्या थरांखाली ओरिसात तालचेर येथे काही विचित्र धोंडे आहेत. हेन्री ब्लॅनफोर्ड आणि त्याचा भाऊ हे दोघे तरुण भूगर्भशास्त्रज्ञ १८५६ च्या सुमारास तेथे काम करीत होते. हे धोंडे बर्फाने वाहून आणलेले आहेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. उन्हाने भाजून निघणाऱ्या ओरिसात बर्फ! लोकांना हसू आले असेल. पण ते खरे होते, कारण ती भूमी त्या काळी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. हा हेन्री ब्लॅनफोर्ड आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे, तेव्हा त्याचे नाव ध्यानात ठेवा.

गोंडवन फुटले. भारताचा तुकडा आफ्रिकेपासून अलग झाला, मग सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून, आणि उत्तरेकडे निघाला. या वाटेवर असतानाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्या मुलखावर लाव्हाचे पूर आले. चित्रात दाखवितात तसा एखादा शंकूसारखा डोंगर फुटला असे नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस बाहेर येऊन शेकडो मैल पसरला. तो थिजला, काही काळ गेला, त्यावर माती झाली, पुन्हा दुसरा पूर आला. असे थरावर थर साचले. त्यांनाच दख्खनचे ट्रॅप म्हणतात. ट्रॅप या शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेतले, आणि त्याचा अर्थ पायरी किंवा जिना. जिंतूरकडचे किंवा गंगाखेडच्या दक्षिणेचे बालाघाटाचे डोंगर पाहा. माथा सपाट, अंगाला पायऱ्या. झिजून झिजूनही आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरहून अधिक आहे, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्र घेतले, तेव्हा हा काळा दगड ३३८ मीटर जाड निघाला. त्याच्या खाली गाळाचा पातळसा थर आणि मग जुन्या खंडाचा ग्रॅनाइटी पाया लागला. आपली घरे, शाळा, रेल्वेचे रूळ, सगळे या छतावर आहे, आणि छताखाली गोंडवन आहे.

आता या दगडाचा आणि आपल्या घागरीचा संबंध पाहू. यासाठी पुस्तकाची गरज नाही, विहीर खणणाऱ्या वडारी माणसाला विचारावे. तो सांगतो, वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी. भूगर्भशास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. लाव्हाच्या प्रत्येक पुरात वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो झाला मांजऱ्या. मधला भाग सावकाश थिजून घट्ट झाला, तो पाषाण. दोन पुरांच्या मधल्या काळात तयार झालेली माती पुढच्या लाव्हाने भाजून निघाली, ती तांबडी पट्टी. पाणी राहते ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि दगडाच्या भेगांत. घट्ट पाषाणात पाणी राहायला जागाच नाही.

उत्तर हिंदुस्थानात असे नाही. भारताचा तुकडा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियावर जाऊन आदळला आणि हिमालय वर उचलला गेला. ही धडक अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे रेटत आहे. हिमालयाची झीज नद्यांनी खाली आणून टाकली, ती गंगेच्या आणि सिंधूच्या मैदानात शेकडो मीटर साचली. त्या वाळूच्या कणाकणांमध्ये पाणी भरलेले आहे. पंजाबातल्या माणसाने नळ खाली घातला म्हणजे तो पखालीत हात घालतो. आपण नळ खाली घालतो तेव्हा दगडातली फट शोधत असतो. त्यांची तऱ्हा पाहून आपण पाण्याची पिके घेऊ लागलो, तर त्यांच्या मैदानासारखा साठा आपल्या पायाखाली नाही हे आधी लक्षात घ्यावयास हवे. आणि आता तर तिकडचीही पातळी खाली गेली आहे.

दगडाने आपल्याला कमी दिले असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या झिजेतून काळी माती झाली. ही माती पाणी शोषून फुगते, घट्ट धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत हळूहळू सोडते. म्हणूनच पावसाळा संपल्यावर पेरलेली शाळू ज्वारी केवळ ओलाव्यावर येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण दिले ते याच मातीच्या भरवशावर. कापूसही याच मातीचा. पण हीच माती एकदा भिजून फुगली की तिची तोंडे मिटतात आणि पुढचे पाणी खाली न जाता वरून पळते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झाले ते आपण पाहिले. पिके गेली, आणि कित्येक ठिकाणी माती खरडून गेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पण बोटभर माती तयार व्हायला शतके लागतात.

आता पाऊस. त्याच्याही मागे खंडच आहे. उन्हाळ्यात आशियाची प्रचंड भूमी तापते, समुद्र तितका तापत नाही, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, असे एडमंड हॅली याने १६८६ साली मांडले. आज शास्त्राने त्यात पुष्कळ भर घातली आहे. तिबेटचे पठार आणि हिमालयाची भिंत यांचा वाटा त्यात सांगितला आहे, पण जमीन व समुद्र यांच्यातला हा फरक पायाशी आहेच. म्हणजे ज्या धडकेने हिमालय उभा केला तिचा हात आपल्या मृगाच्या पावसातही आहे. वारे अरबी समुद्राकडून येतात, सह्याद्री त्यांना अडवतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट ओलांडताच तो एकदम पाच-सहाशेवर येतो. आपला जिल्हा बराच पूर्वेला असल्याने बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही पाऊस आपल्याला मिळतो. म्हणून आपली वर्षाची सरासरी आठ-नऊशे मिलिमीटरपर्यंत जाते. आपल्या दोन बाजूंना दोन समुद्र आहेत, आणि आपण दोघांच्याही पंगतीच्या शेवटी बसलो आहोत. वाढप्याच्या हातात काही उरले तर मिळते.

पठाराचा उतारही पूर्वेकडे आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. या वाटेवर सुमारे साडेतीनशे किलोमीटरांनंतर आपण लागतो. तोवर नाशिक, नगर, पैठण येथे धरणांत तिचे पाणी अडलेले असते.

आता हेन्री ब्लॅनफोर्डकडे परत येऊ. दगडांत बर्फाची खूण वाचणारा हा माणूस पुढे १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर, हिमालयावरच्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्याचा उद्योग त्याने सुरू केला. त्यानंतर आलेल्या गिल्बर्ट वॉकरने जगभरचे आकडे ताडून पाहिले आणि दाखविले की प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाशी आपला पाऊस जोडलेला आहे. आज आपण 'एल निनो' म्हणतो ते त्याच साखळीतले. १९७२ हे तसेच वर्ष होते, २०१५ हेही तसेच. पेरूच्या किनाऱ्यावरचा समुद्र तापला की सोनपेठच्या मजुराची रोजी धोक्यात येते. हा संबंध मी जुळविलेला नाही, तो निसर्गानेच जुळविला आहे.

मित्रहो, एवढा सगळा भूगोल मी आपल्याला का ऐकविला? कामगाराला समजेल अशा भाषेत त्याचा ताळेबंद मांडता यावा म्हणून. पाऊस हा आपला पगार आहे, आणि तो अनियमित आहे. मुरमातले आणि मांजऱ्यातले पाणी ही घरातली शिल्लक. ती चांगल्या पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यापर्यंत संपते. खोल भेगांतले पाणी हा प्रॉव्हिडंट फंड आहे. तो जमायला फार वर्षे लागतात आणि काढायला एक रात्र पुरते. बोअरचे यंत्र रात्रभर घरघरते, दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट, आणि ज्याच्या खिशात पैसे अधिक तो अधिक खोल जातो. त्याच्या शेजारच्या उथळ विहिरीवर जगणारा अल्पभूधारक कोरडा पडतो. ही पाण्याची निर्मिती नव्हे. शेजाऱ्याच्या खात्यातून काढलेली ही रक्कम आहे. पाणी भेगेत असते, आणि भेगेला सातबारा नसतो.

याच दगडाने आपल्या लोकांना जगविलेही आहे. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्यांनी दिवसभर खडी फोडली, ती याच ६ कोटी वर्षांच्या दगडाची. पोटाला सुकडी आणि अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी. एका खंडाचे धान्य खाऊन दुसऱ्या खंडाचा दगड फोडणे, हे आमच्या आधीच्या पिढीचे भूगोलाचे शिक्षण. त्या कष्टांतून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशाला त्या वाटेने जावे लागले. पाऊस न पडणे हा निसर्गाचा भाग असेल, पण पाऊस न पडल्यावर माणसाने उपाशी राहणे हा निसर्गाचा भाग नाही. ही गोष्ट महाराष्ट्राच्या मजुरांनी कायद्यात लिहवून घेतली आहे.

रोजीबद्दल जे लिहवून घेतले ते पाण्याबद्दल अद्याप आपण पुरते लिहवून घेतलेले नाही. २०१५ साली परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. गोंडवनाचा कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पण त्या वर्षांतही आपल्या मुलखात ऊस उभा होता, आणि कारखाने चालू होते. उसाला शत्रू समजणारा मी नव्हे. आमच्या जिल्ह्यातून, विशेषतः गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूने, दर दिवाळीला बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊस तोडायला जातात. त्या तोडणीवर त्यांची चूल पेटते हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु विचार करा. ज्या गावात पाणी उरले नाही म्हणून तो मजूर गाव सोडतो, तो जाऊन तोडतो काय? सर्वांत अधिक पाणी प्यालेले पीक! हे कोडे भूगोलाने घातलेले नाही.

यावर दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, दुष्काळ ही दैवाची गोष्ट आहे, आपल्या हातात काय? दुसरे म्हणते, सगळे सरकारचे पाप आहे, मनात आणले तर घरोघर गंगा आणता येईल. माझ्या मते दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. दगड, उतार आणि वारा यांनी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे. ती कोणत्याही मंत्र्याला किंवा युनियनला वाढविता येणार नाही. मात्र त्या मर्यादेच्या आत कोणाला किती, हे दगड ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात, आणि माणसांनी ठरविलेले बदलता येते. कामगार चळवळीचा सगळा अनुभव हाच आहे.

ते बदलल्याची उदाहरणेही आहेत. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. दुसरे गाव हिवरे बाजार. तेथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. ही दोन्ही गावे आपल्याहून कमी पावसाची आहेत, आणि दगड तोच आहे. कायदाही अगदीच नाही असे नाही. नदीच्या खोऱ्यात वरच्याने आणि खालच्याने तूट समान सोसावी हे तत्त्व २००५ च्या कायद्यात आले, आणि त्याच्या बळावर वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे लागले. भूजलाचा २००९ चा कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालतो. पण कायदा म्हणजे कुलूप. किल्ली कोणीतरी हातात घेऊन दारात उभे राहावे लागते.

म्हणून माझी आपल्याला तीन मागणे आहेत. पहिले, पावसाळा संपला की प्रत्येक गावाने विहिरींची पातळी मोजून देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लिहावी. हिशेब उघड्यावर असला म्हणजे चोरीला संकोच वाटतो. दुसरे, हा हिशेब मांडताना विहीर खणणाऱ्याला आणि भूमिहीनाला बैठकीत बसवावे. एकाला दगड कळतो, दुसऱ्याला तहान. तिसरे, पिण्याचे, गुरांचे आणि ज्वारी-हरभऱ्याचे पाणी बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या पिकाला पाणी मंजूर करू नये. यात क्रांती वगैरे काही नाही. घरात पगार आल्यावर कोणतीही शहाणी बाई आधी दाणे भरते, मग बाकीचे पाहते. तेच गावाने करावयाचे.

आपल्या मुलांना भूगोलाच्या तासाला खंडांची आणि महासागरांची नावे पाठ करावी लागतात. ती जरूर करावीत. पण गुरुजींनी त्यांना एकदा गावातल्या जुन्या विहिरीच्या काठावर न्यावे आणि आत डोकावून थर मोजायला सांगावे. काळी माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण, आणि तळाशी जे काही पाणी उरले असेल ते. मुले मोजतील, आणि मग विचारतील की हे पाणी कोणाचे? त्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर तयार असावे, एवढीच विनंती.